चावऱ्या सशाचं सीरम

प्रिय मंजू,

तुझं सीरम काल संपलं. मी संपवलं. दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर जाण्याआधी मीच सांगावं म्हणून लिहायला बसलोय.

तू होतास तेव्हा मी तुला कधी मंजू म्हटलं नाही. सगळे म्हणायचे. गेटवरचे वॉचमन, कॅन्टीनमधली अक्का, ससे आणून देणारा तमिळ माणूस, सगळ्यांचा तू मंजू. मी मात्र पूर्ण मंजुनाथ म्हणायचो, आणि तुला वाटायचं, हा गावाकडचा माणूस, मान देतोय. मान कसला रे? सगळ्यांच्या तोंडी असलेलं लाडकं नाव आपल्याही तोंडी यावं, एवढं माझं मन मोठं नव्हतं. आता म्हणून बघतोय. जीभ अजून अडखळते.

आज रविवार. सकाळी खंडोबाच्या टाकाला भंडारा वाहिला आणि बोटांना लागलेला पिवळा रंग बघताना कालची प्लेट पुन्हा डोळ्यांपुढे आली. माझे ओठ हलत असावेत. सुमन स्वयंपाकघरातून म्हणाली, "देवापुढं बसून कुणाशी भांडताय?" मी म्हटलं, "मंजुनाथशी." ती म्हणाली, "मग लिहून काढा एकदाचं. देवाला त्रास नको."

हे पत्र सुमन वाचणार. त्यामुळे तुला माहीत असलेल्या गोष्टीही लिहाव्या लागतील. खरं तर तिला फार समजावून सांगायची गरज नाही. तू एकदा आमच्या घरी कॉफी पिता पिता तिला अँटीबॉडी समजावली होतीस, ते तिला अजून तोंडपाठ आहे. "वहिनी, अँटीबॉडी म्हणजे आमच्या मल्लेश्वरमच्या गल्लीतल्या आज्ज्या. एकदा एखाद्याला बघितलं की जन्मभर विसरत नाहीत. काही आज्ज्या सगळ्याच पोरांना ओळखतात. आणि एखादी असते, तिला एकच पोरगा ओळखू येतो, ज्यानं तिची तुळशीची कुंडी फोडली तो." सुमन किती हसली होती. मी तिला लग्नापासून माझं काम समजावून सांगतोय. त्यातलं एक वाक्य तिला आठवत नाही. तुझ्या आज्ज्या आठवतात.

आपण दोघं या कामाला लागलो तेव्हा प्रयोगशाळेतल्या सरांनी दोघांना एकच काम दिलं होतं. केळीचा मर रोग. बुरशी एकच, पण तिचे दोन प्रकार. दोन स्ट्रेन. जुनी स्ट्रेन फक्त एलक्कीच्या, म्हणजे वेलची केळीला मारते. नवी आली तर पच्चबाळे, म्हणजे हिरव्या सालीची केळीसुद्धा टिकत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दोघी जुळ्या बहिणींसारख्या. लागवड करून बाग पिवळी पडायची वाट बघायची, एवढाच उपाय होता. सर म्हणाले, नव्या स्ट्रेनची पूड सशाला टोचा, त्याच्या रक्तात तिच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार होतील, ते सीरम काढा आणि बघा, त्याला या दोघींतली ओळखता येते का.

मला या सगळ्याचं फार अप्रूप होतं. बुरशीशी माझी ओळख नळदुर्गजवळच्या आमच्या गावातली. ज्वारीच्या कणसावर काणी धरली की ती काळी पूड तोंडाला फासून आम्ही शाळेत भूत व्हायचो आणि गुरुजी छडी घेऊन मागे लागायचे. त्या पुडीत माणूस आयुष्य घालवू शकतो, आणि ते बंगळुरासारख्या शहरात, हे मला कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

ते दोन ससे आठवतात तुला?

पिंजरे उतरवून घेतले आणि तू म्हणालास, "तू आधी घे, मल्हारण्णा. पाहुणा आहेस आमच्या गावात."

पाहुणा. पगार दोघांना सारखा, टेबल शेजारी शेजारी, आणि मी पाहुणा. ते मला लागलं, हे तुझ्या गावीही नव्हतं. मी वाकून दोन्ही पिंजरे नीट पाहिले. एक ससा गुबगुबीत, शांत, आणि त्याच्या पांढऱ्या कपाळावर पिवळट तपकिरी पट्टा. कुणी भंडाऱ्याचं बोट ओढावं तसा. दुसऱ्याचा कान फाटलेला, डोळ्यांत राग. मी क्षणभर हात जोडले आणि पहिल्यावर बोट ठेवलं.

"काय बघितलंस? दात?"

"कपाळ," मी म्हटलं.

तू वाकून बघितलंस आणि खो खो हसलास. "अय्यो, मैलारलिंगाचा, तुझ्या खंडोबाचा ससा! सरी, सरी. तुझा देव तुला, मला उरलेला." मग तू दुसऱ्या पिंजऱ्यात हात घातलास आणि त्यानं तुझं बोट फोडलं. रक्त पुसत तू म्हणालास, "बघ, याला मी आवडलो."

प्रयोगशाळेतला दुसरा कोणी कपाळ बघून ससा निवडेल का? नाही निवडणार. वजन बघेल, वय बघेल. मी कौल बघितला.

शैलावहिनी, म्हणजे तुझी बायको, रोज कोथिंबिरीच्या काड्या फडक्यात बांधून द्यायच्या, त्या तू तुझ्या सशाला घालायचास. तो दुसऱ्या कुणाच्या हातचं खायचा नाही. मीही मग कोथिंबिरीची ताजी जुडी विकत आणायला लागलो. माझा ससा ती खायचा. माझ्या हातची खायचा, तुझ्या हातची खायचा, झाडूवाल्याच्या हातचीही खायचा. मला वाटायचं, किती गुणी आहे.

सीरम निघालं. दोघांच्या सशांचं सीरम दोन्ही स्ट्रेनना ओळखत होतं. म्हणजे निरुपयोगीच. मग सरांनी सांगितलेली शेवटची पायरी केली. जुन्या स्ट्रेनची पूड सीरममध्ये मिसळायची, दोन्हींना ओळखणाऱ्या अँटीबॉडी त्या पुडीला चिकटून बसतात, मग ती पूड खाली बसवून फेकून द्यायची. वर जे निवळ उरतं, त्यात फक्त नव्या स्ट्रेनला ओळखणाऱ्या अँटीबॉडी असतात. उरल्या तर.

तुझ्या उरल्या. चाचणीच्या प्लेटमध्ये ओळख पटली की पिवळा रंग येतो; तुझ्या रांगेतल्या खळग्यांत तो चढत गेला, आधी लिंबासारखा, मग हळदीसारखा. माझी रांग पाण्यासारखी राहिली. मी घड्याळ बघत बसलो, म्हटलं, जरा वेळ लागत असेल. वेळ लागत नव्हता. दोघांमध्ये जे सारखं होतं ते काढून टाकल्यावर तुझ्याकडे काहीतरी उरलं होतं, माझ्याकडे पाणी.

सशांचीच गोष्ट होती ती, मला माहीत आहे. पण मी त्या रात्री जेवलो नाही.

तुझ्यात आणि माझ्यात फरक तरी काय होता, मंजू? टोचायची पूड एक, सुई एक, दिवस एक. तू हुशारीनं जिंकला असतास तर मला सोसलं असतं. तू माझ्यापेक्षा जास्त वाचलं असतंस, जास्त जागला असतास, तर मी हात जोडले असते. पण तू जिंकलास मी नाकारलेल्या सशावर. मला आधी निवडायला दिलं होतं तूच. देवाकडे मी सहसा काही मागत नाही. त्या दिवशी मात्र विचारलं, की कपाळावरची खूण तूच दाखवलीस ना? मग?

देव काही बोलला नाही. बोललास तू. दुसऱ्या दिवशी बाय-टू कॉफीचा अर्धा कप माझ्यापुढे सरकवून म्हणालास, "सुम्ने, उगीच तोंड पाडून बसू नकोस. तुझा ससा सगळ्यांना ओळखतो, हे वाईट आहे का? देवाचं काम तेच की."

"देवाचं नाव घेऊ नकोस."

"बरं, नाही घेत. ऐक. प्लेटमध्ये खाली तुझं सीरम लावू. ते कुठलीही स्ट्रेन आली तरी घट्ट धरून ठेवेल. मग वर माझं घालू. ते सांगेल नवी की जुनी. तुझं धरतं, माझं ओळखतं. स्वल्प डोकं चालव, मल्हारण्णा, दोघांचं मिळून काम होतं."

झालं. तीच पद्धत चालली. आजतागायत तीच चालते. माझं सीरम खळग्याच्या तळाला, डोळ्याला न दिसणारं. रंग यायचा तो वरच्या तुझ्या सीरमला. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या बघ. एकीवर ‘मंजूचं सीरम’, दुसरीवर ‘कोटिंग’. भिंतीला रंग देण्याआधी चुना मारतात तसा मी. आणि तुझी युक्ती इतकी साधी होती, की ती मला का सुचली नाही, याचाही हेवा करावा लागला.

आणि तू काय करायचास? प्रत्येक बैठकीत उभं राहून म्हणायचास, "हे आमचं दोघांचं काम आहे." मनापासून म्हणायचास. तेच तर जास्त जळायचं. थोडं तरी उतायचं होतंस, थोडं तरी मातायचं होतंस. मला मनातल्या मनात तुला नावं ठेवायला जागा झाली असती. तू तीही ठेवली नाहीस.

गेल्या वर्षी तू दवाखान्यात पोहोचायच्या आतच गेलास. मल्लेश्वरमच्या तुमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. कन्नड बोलणारे, तमिळ बोलणारे, तुमच्या जुन्या मराठी घरांतली माणसं, केळीचे बागवाले. मी चपलांच्या ढिगाजवळ उभा होतो. डोळ्यांत पाणी होतं, ते खरं होतं. आणि त्याच वेळी मनात आलं, माझ्या मागे इतकी माणसं येतील का? तेही खरंच होतं. तिथेसुद्धा मी तुझ्याशी बरोबरी करत उभा होतो.

नंतर आमच्या विभागप्रमुख मॅडमनी ठरवलं, की नव्या इमारतीच्या दारातच एक काचेचं कपाट करायचं. त्यात तुझा फोटो आणि तुझ्या सीरमची कुपी. फ्रीझरमध्ये दोनच उरल्या होत्या. एक कामासाठी, एक कपाटासाठी. तो फाटक्या कानाचा ससा केव्हाच गेला. दुसऱ्या कुठल्याही सशाला तीच पूड टोचली तरी तेच सीरम होईल असं नाही, हे सगळ्यांना ठाऊक. मॅडम म्हणाल्या, "मल्हारी सर, ती दुसरी कुपी जपा. ते आपलं वैभव आहे."

मी ‘हो’ म्हटलं. मनात म्हटलं, माझ्या सीरमच्या तर बाटल्याच्या बाटल्या आहेत. ते कधी संपत नाही म्हणून त्याचं वैभव होत नाही.

गुरुवारी मुनियप्पा आला. देवनहळ्ळीकडचा. तुला चांगला आठवत असेल, त्याच्या बागेतली पपई तू पिशवी भरून आणायचास. वर्तमानपत्रात गुंडाळलेले केळीच्या खोडाचे तुकडे त्यानं माझ्या टेबलावर ठेवले आणि इकडेतिकडे बघून कन्नडमध्ये विचारलं, "मंजू सर नाहीत?"

त्याला कळलंच नव्हतं. मी सांगितलं. तो खुर्चीत बसला. मग म्हणाला, "आता कोण बघणार?"

"मी बघणार."

त्यानं माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुम्ही त्यांच्याबरोबर यायचात ना, सर? गाडीत बसून राहायचात ते?"

हो, मंजू, तोच मी. गाडीत बसून राहायचो, कारण तू बागेत शिरलास की तासभर गप्पा मारायचास आणि माझ्या तोडक्या कन्नडला तिथे काही काम नसायचं. माणसं मला तेवढ्यावरून ओळखतात. गाडीत बसून राहणारा.

त्याची एलक्कीची बाग मर रोगानं गेली होती. त्या जमिनीत पच्चबाळेची रोपं लावायची त्याची तयारी होती. रोपवाटिकेत रोपं तयार, सोमवारी उचलायची. बुरशी जुनी असेल तर पच्चबाळे तग धरणार. नवी असेल तर तीही जाणार, आणि मग त्या मातीत केळीचं नावच नको. "मग काय करणार?" मी विचारलं. तो म्हणाला, "लेआउटवाले रोज फोन करतात, सर. या खेपेला फोन उचलेन." एवढंच बोलला. जमीन विकतो असं त्यानं तोंडानं म्हटलं नाही.

डीएनएची चाचणी त्याच दिवशी दोनदा करून बघितली. कुजक्या खोडात इतर बुरशींची इतकी गर्दी, की एकदा निकाल आला, एकदा आलाच नाही. नमुना शुद्ध करून पुन्हा करायचं तर काही आठवडे जाणार. सोमवार तेवढा थांबणार नव्हता. उरलं तुझं सीरम. मॅडमना विचारलं. त्या दिल्लीला निघाल्या होत्या. म्हणाल्या, "कामाची कुपी वापरा. दुसरीला हात लावू नका."

शुक्रवारी ती वापरली. माझ्या सीरमच्या प्लेट्स तयार असतातच. प्लेटच्या अर्ध्या भागात वरूनही माझंच सीरम घातलं, म्हणजे बुरशी आहे की नाही एवढं कळावं. उरलेल्या अर्ध्या भागात तुझं. मुनियप्पाच्या नमुन्यावर तुझा भाग कोराच राहिला. म्हणजे जुनी स्ट्रेन. पण शेजारच्या खळग्यात आपण खात्रीची नवी स्ट्रेन ठेवतो ना, तिथेही रंग आला तो अगदीच फिका. ती कुपी कितीदा तरी वितळवून पुन्हा गोठवलेली. सीरमच थकलं असेल तर त्याच्या ‘नाही’वर विश्वास कसा ठेवायचा? मी मुनियप्पाला काय सांगायचं, की नवीला ओळखणारी आज्जीच आता डोळ्यांनी अधू झाली आहे?

दुसरी कुपी मात्र एकदाही वितळलेली नव्हती.

शनिवारी सकाळी शैलावहिनींना फोन केला.

"वहिनी, मंजुनाथची शेवटची कुपी वापरू का?"

"मला काय विचारता, मल्हारण्णा? ठेवली तर खराब होईल का?"

"खराब नाही होणार. काचेच्या कपाटात ठेवणार आहेत. त्याच्या फोटोजवळ."

"अय्यो, कपाटात? घरात त्यांनी मला कोथिंबिरीची एक काडी कधी टाकू दिली नाही. वापरा की तुम्ही."

मग मला राहवलं नाही. इतकी वर्षं मनात होतं ते विचारलं. "वहिनी, तो घरी माझ्याबद्दल काय बोलायचा?"

"चांगलंच बोलायचे हो."

"कधी वैतागून? रागानं?"

"नाही हो. तुमच्यावर कशाला रागावतील? नेहमी चांगलंच."

बघ आता. एकदा तरी घरी जाऊन म्हणायचं होतंस, तो मल्हारी डोकं खातो, त्या मल्हारीला पुढे जाऊ देता कामा नये. मला किती बरं वाटलं असतं. मी तुझा इतका हेवा केला आणि तुला माझ्याबद्दल नुसतं चांगलंच वाटत राहिलं? ही काय बरोबरी झाली?

मॅडमना फोन लागत नव्हता. मेसेज पाठवला, की शेवटची कुपी काढतोय, आणि उत्तराची वाट न बघता फ्रीझर उघडला.

आता खरं सांगतो. कुपी हातात घेतली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे मुनियप्पाची जमीन होती. आणि ते काचेचं कपाटही होतं, रिकामं. दोन्हींपैकी कोणतं आधी आलं, ते मला सांगता येत नाही. आज सकाळी खंडोबालाही हेच विचारत होतो. तुझं सीरम कामाला यावं म्हणून मी ते काढलं, की तुझं वैभव राहू नये म्हणून? माणसाच्या मनातलं असं एकेक वेगळं काढणारी पूड मिळती, तर मी ती स्वतःवरच वापरून बघितली असती.

सगळं सीरम लागलं. कुपीच्या कडेला चिकटलेला थेंबही तुझ्या सवयीप्रमाणे धुऊन घेतला. शेवटचं द्रावण घातलं आणि प्लेटपुढे बसलो.

खात्रीच्या नव्या स्ट्रेनचा खळगा भराभर पिवळा झाला. गर्द, भंडाऱ्यासारखा. इतक्या वर्षांनी, फाटक्या कानाच्या सशाचं रक्त अजून तेवढंच जागं होतं. आणि मुनियप्पाच्या नमुन्यावर तुझं सीरम गप्प. अगदी स्वच्छ, पाण्यासारखं. बाजूच्या अर्ध्या भागात माझं सीरम मात्र सगळीकडे पिवळंधमक. बुरशी होती, ती जुनीच होती.

कळतंय ना तुला? तुझ्या सीरमच्या शेवटच्या दिवशी मुनियप्पाच्या रांगेत रंग आला तो माझ्या सीरमला. तुझी बाजू कोरी. हेच मी किती वर्षं मनात धरलं होतं. एकदा माझी रांग पिवळी दिसावी आणि तुझी पांढरी. दिसली. आणि मला ठाऊक होतं, की माझ्या त्या सगळ्या पिवळ्या रंगाला काडीची किंमत नाही. मुनियप्पाची जमीन वाचली ती तुझ्या कोऱ्या खळग्यांनी. न बोलूनही पुन्हा तूच जिंकलास.

मी त्याला फोन केला. "जुनीच आहे. पच्चबाळे लाव."

त्यानं मग विचारलं, "मंजू सरांच्या औषधानं बघितलं ना, सर?"

"हो."

"मग सरी," तो म्हणाला. आणि थोडं थांबून, "या एकदा बागेत. या वेळी गाडीत बसू नका."

माझ्या शब्दाला अजून तुझी सही लागते, मंजू. पण बोलावलं मला. बागेत गेल्यावर गप्पा कशा मारायच्या, हे तुझ्याकडून शिकून घ्यायला हवं होतं.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. मी मनाची तयारी करून बसलो होतो. रागावल्या नाहीत. निकाल विचारला, बरं झालं म्हणाल्या. मग म्हणाल्या, "कुपी फेकली नाहीत ना? तिच्यात थोडं ग्लिसरॉल भरून ठेवा. लांबून सारखंच दिसतं, कुणाला कळणार नाही."

मी म्हटलं, "नको मॅडम."

"का?"

"ते त्याचं नाही."

"मल्हारी सर, रिकामी कुपी कपाटात बरी दिसेल का?"

"रिकामीच ठेवा. त्यानं काही शिल्लक ठेवलं नाही, असं खाली लिहा."

हे मी बोललो. माझं मलाच नवल वाटलं. तुझ्या नावावर पाणी खपवू देणार नाही म्हणून भांडायला तुला दुसरं कोण आहे? ज्यांनी तुझ्यावर नुसती माया केली त्यांना ग्लिसरॉल चाललं असतं. तुझं खरं सीरम कसं दिसतं, ते रोज टक लावून मीच बघितलंय.

पुढच्या महिन्यात नवे ससे येणार आहेत. परवानगी मिळाली. मॅडम म्हणाल्या, निवडायला तुम्हीच जा. हातात कुपी नसताना, शेजारी तू नसताना हे काम पुन्हा पहिल्यापासून करायचं आहे. आणि समजा, या वेळी माझ्या सशाचं सीरम तुझ्यापेक्षा सरस निघालं, तर? त्या पिवळ्या रांगेकडे बघून माझा हेवा कोण करणार? मला जे हवं होतं ते मिळायची वेळ येईल तेव्हा ज्याच्यासाठी हवं होतं तोच नसेल. हे मात्र तू चांगलं केलं नाहीस.

म्हणून एक ठरवलंय, ते तुला सांगून ठेवतो. मी दोन ससे घेणार आहे. या वेळी तू आधी निवडायचंस. मी पिंजऱ्यात हात घालीन, जो चावेल तो तुझा. उरलेला माझा, त्याचं कपाळ कसंही असो. दोघांना एकच पूड, एकच दिवस. माझाच ससा जिंकावा म्हणून रोज खंडोबाला सांगणार आहे, तुझ्यासाठी काही मागणार नाही. वहिनींना सांगून ठेवलंय, त्या काड्या बांधून देणार आहेत. तुझ्या सशाला मी माझ्या हातानं कोथिंबीर घालीन, त्यानं खाल्ली नाही तरी घालत राहीन.

पण आधी माझ्या सशाला.

तुझा पाहुणा,
मल्हारी